आठ बाइटांची गोष्ट

नवी वस्तू घरी आणावी आणि ती चालू नये, यासारखा संताप दुसरा नाही. जुनी वस्तू बिघडली तर माणूस तिला समजून घेतो. तिचे वय झाले, आपणही तिला नीट वागवले नाही, असे म्हणून गप्प बसतो. नव्या वस्तूला मात्र क्षमा नसते. खोक्याचे सील आपल्याच हातांनी फोडलेले असते, तेव्हा दोष आपला नाही याची पक्की खात्री असते. मग उरतो तो विकणारा. २०२४ सालच्या श्रावणात मी एका विकणाऱ्याला असाच फोनवर वाटेल ते बोललो. तो माणूस निर्दोष होता, हे मला चार दिवसांनी कळले. त्या चार दिवसांत माझ्या हातून आमच्या घराचे जे नुकसान झाले, ते मात्र अजून भरून आलेले नाही.

त्याचे असे झाले. आमच्या घरी जिन्याखाली, आईच्या लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी, मी एक होम सर्व्हर मांडला आहे. हा शब्द ऐकून वाचकांनी फार मोठे काही डोळ्यांपुढे आणू नये. एका कार्यालयाने मोडीत काढलेला डेस्कटॉप, त्यात ८ जीबी मेमरी आणि त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली, एवढाच त्याचा थाट. घरातले फोटो, बाबांच्या कामाचे नकाशे, माझ्या वह्यांच्या प्रती आणि आजोबांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे या यंत्राने सांभाळायची, अशी योजना होती.

यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. आजोबा शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात पेटी वाजवत आणि गातही. १९८० नंतरच्या आठ-दहा वर्षांत मंडळातल्या कोणी ना कोणी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून एकादशीची, सप्ताहाची भजने टेप करून ठेवली होती. अशा ३१ कॅसेट, म्हणजे ६२ बाजू, आमच्या घरी होत्या. आजोबा २०१९ साली गेले. पुढच्या वर्षी टाळेबंदीत सगळे घरीच होते, तेव्हा आतेभावाने त्या साऱ्या कॅसेट संगणकावर उतरवल्या. त्यानंतर घराला रंग देताना, बुरशी आलेल्या त्या कॅसेट भंगारात गेल्या. आता संगणकावर आहेतच की, असे म्हणून आम्हीच त्या दिल्या. राहिली ती ५०० जीबीची एक जुनी हार्ड डिस्क. आणि २०२४ च्या पावसाळ्यात ती डिस्क अधूनमधून एखादी फाइल वाचताना अडखळू लागली. तिचे सेक्टर खराब होऊ लागले होते.

म्हणून मी नव्या डिस्क घेतल्या. शिकवण्यांचे पैसे साठवून ९६० जीबीच्या दोन सॉलिड स्टेट डिस्क मागवल्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा काटा असतो; सॉलिड स्टेट डिस्कमध्ये हलणारे काहीच नसते, सगळे चिपमध्ये. माझ्या डिस्क मोठ्या संस्थांच्या साठवण-यंत्रांसाठी बनवलेल्या, सुटे भाग म्हणून ठेवलेल्या आणि न वापरताच विक्रीला निघालेल्या होत्या. म्हणून स्वस्त. त्या सॅस जातीच्या होत्या. सॅस आणि सॅटा ही दिसायला भावंडेच. पण सॅटा डिस्क सॅसच्या खाचेत बसते, सॅस डिस्क सॅटाच्या खाचेत बसत नाही, कारण तिच्या तोंडाशी मधली फट मुद्दाम बुजवलेली असते. म्हणून एक जुने सॅस कार्डही घेतले. सगळे जोडले, यंत्र सुरू केले आणि नव्या डिस्क फॉरमॅट करायला बसलो.

फॉरमॅट होईनात. यादीत दोन्ही डिस्क दिसत होत्या, पण त्यांच्या नावापुढे आकार लिहिला होता ० बाइट. फॉरमॅटची आज्ञा दिली की नकार. वाटले, डिस्कवर आधीचे काही लिहिलेले असेल, ते पुसून पाहावे. लिनक्समध्ये डीडी नावाची आज्ञा आहे. सांगितलेल्या डिस्कवर ती पहिल्या सेक्टरपासून शून्ये लिहीत जाते. ती दिली, तर उत्तर आले: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ९६० जीबीची कोरी डिस्क म्हणते जागा नाही! मला हसू आले. वास्तविक तिथेच थांबून विचार करायला हवा होता. यंत्र थट्टा करीत नसते. ज्या अर्थी ते जागा नाही म्हणते, त्या अर्थी त्याच्या लेखी ती डिस्क खरोखरच शून्य मापाची आहे. पण मी विचार केला नाही. मी केबल बदलली. मग कार्डाची दुसरी खाच वापरून पाहिली. मग वीज देणारी वायर बदलली. मित्राच्या संगणकात घालून बघू म्हटले, तर तिथे सॅटाचीच खाच. शेवटी रात्री साडेदहाला विक्रेत्याला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, “माल सीलबंद आहे, दादा. आमच्याकडनं असे पुष्कळ गेलेत. परत पाठवायचे तर पाठवा.” मी म्हणालो, पाठवतोच, आणि वर फसवाफसवीपासून पोलिसांपर्यंत सगळे शब्द वापरले. त्याने ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तो रागातच. परत पाठवण्यापूर्वी एक शेवटचा प्रयत्न म्हणून सॅस कार्ड काढून मदरबोर्डाच्या दुसऱ्या खाचेत बसवले आणि यंत्र सुरू केले. कालची पुसण्याची आज्ञा परत टंकायचा कंटाळा आला. वरच्या बाणाची कळ दाबली की मागच्या आज्ञा एकेक पुढे येतात. कालची आज्ञा आली. एंटर दाबले.

आणि काय आश्चर्य, या वेळी नकार आला नाही! आज्ञा चालू झाली. कर्सर खाली येऊन थांबला. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून सांगितले, “आई, चालली गं डिस्क!” त्या हाकेचा आवाज विरतो न विरतो तोच जिन्याखालून दुसरा एक आवाज येऊ लागला. बारीक घूंऽ करीत वर चढत जाणारा. तबकडी फिरू लागल्याचा आवाज.

नव्या डिस्कमध्ये तबकडी नाही, हे मी वर सांगितलेच आहे. त्या कितीही काम करोत, हूं की चूं करीत नाहीत. त्या यंत्रात तबकडी असलेली एकच डिस्क होती. खराब होत चालली म्हणून मी ती विसावा देऊन ठेवली होती. आणि आता ती जागी होऊन फिरत होती, कारण मी तिच्यावर शून्ये लिहीत होतो.

थांबवण्याच्या कळा दाबेपर्यंत सात-आठ सेकंद गेले असतील. पडद्यावर हिशेब आला: सातशे एमबीच्या आसपास लिहून झाले होते.

हे कसे झाले ते सांगतो, कारण होम सर्व्हर मांडणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे असे आहे. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. ही नावे डिस्कची नसतात, रांगेतल्या जागेची असतात. यंत्र सुरू होताना जी डिस्क आधी हजेरी देते, तिला आधीचे अक्षर मिळते. काल एसडीबी म्हणजे नवी डिस्क होती. आज मी कार्डाची खाच बदलली, हजेरीचा क्रम बदलला, आणि एसडीबी म्हणजे आजोबांची डिस्क झाली. वर्गात बाक बदलून बसलेल्या मुलाला मास्तरांनी बाकाकडे बघून छडी मारावी, तसे मी केले. डिस्कचे खरे नाव म्हणजे तिचा अनुक्रमांक. लिनक्समध्ये बाय-आयडी नावाच्या कप्प्यात अनुक्रमांकासकट नावे मिळतात. ती लांबलचक असतात, टंकायला कंटाळा येतो. पण ती बदलत नाहीत.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. डिस्कच्या आरंभी तिची अनुक्रमणिका असते, तीच पुसली गेली होती. आता डिस्क उघडतच नव्हती. पुष्कळसा मजकूर आत शाबूत असणार, हे मला पुस्तकी ज्ञानाने माहीत होते. शोधून काढणारी आज्ञावलीही असते. पण तिचा पहिला नियम असा, की ज्या डिस्कवरून शोधायचे तिच्यावर काहीही लिहायचे नाही. सापडलेले दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे. आणि दुसऱ्या डिस्क माझ्याजवळ होत्या त्या या, फॉरमॅट न होणाऱ्या! कालपर्यंत ज्यांना मी शिव्या देत होतो, त्यांच्यावाचून आता माझे चालणार नव्हते.

बाबा कामावरून उशिरा आले. ते उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर आहेत. लेथवर त्यांची तीस वर्षे गेली. आजोबांच्या डिस्कचे त्यांना सांगायला हवे होते. सांगितले. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग बरण्या सरकवून माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “हे झालं ते झालं. ह्या नव्याचं काय म्हणालास? का चालंना?”

मी म्हणालो, “खराबच आहेत.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“सारखंच खराब?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. दोन वेगवेगळ्या डिस्क, आणि दोघींचे दुखणे तंतोतंत एक. बिघाड असा जुळून येत नाही. बाबा म्हणाले, “अर्ध्या इंचाचा बोल्ट असतोय बघ. विटवर्थच्या मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३. पाऊण इंचाला दोन्हीत १० च. म्हणून नवखं पोरगं फसतंय. नट दोन फेरे जातोय आणि अडकतोय. मग पोरगं पाना घेऊन जोर लावतंय, आटे मारून टाकतंय, आणि म्हणतंय नट खराब आलाय. नट बी चांगला, बोल्ट बी चांगला. माप येगळं. तू आधी गेज लावून बघितलास काय?”

मी गेज लावून बघितले नव्हते. मी पाना घेऊन जोर लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात कन्नड विभागातला माझा मित्र भेटला. प्रयोगशाळेचे संगणक तोच सांभाळतो. त्याला सगळे सांगितले, तर त्याने एकच विचारले: यंत्राने सुरू होताना डिस्कबद्दल काय लिहिले? मी म्हणालो, ते कोण वाचते, हजार ओळी असतात. तो हसून म्हणाला, “मोदलु ओदु, आमेले बै.” आमच्या भागातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको, इतरांसाठी सांगतो: आधी वाच, मग शिव्या दे.

संध्याकाळी दोघांनी मिळून वाचले. यंत्र सुरू होताना जी टिपणे लिहून ठेवते, त्यांत आमच्या दोन्ही डिस्कविषयी पहिल्या दिवसापासून एकच ओळ होती: ‘अनसपोर्टेड सेक्टर साइज ५२०’. तीन दिवस यंत्र मला नेमके कारण सांगत होते.

आता हे ५२० काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. डिस्कवर अक्षरे सुटी लिहीत नाहीत, ठरावीक मापाच्या कप्प्यांत लिहितात. त्या कप्प्याला सेक्टर म्हणतात. ही कल्पना फार जुनी. १९५६ साली आय. बी. एम. ने पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत; तीही शंभर-शंभर अक्षरांच्या कप्प्यांत. पुढे घरगुती संगणकांच्या जगात ५१२ बाइटांचे माप रूढ झाले. १९८१ च्या आय. बी. एम. पीसीची फ्लॉपीही त्याच मापाची होती. अलीकडे ४०९६ बाइटांचे मोठे सेक्टर आले, पण तेही ५१२ च्या आठपट म्हणून जुन्याशी जुळवून घेतात.

मग ५२० कुठून आले? मोठ्या संस्थांची जी साठवण-यंत्रे असतात, त्यांना मजकूर हरवण्यापेक्षाही एका गोष्टीची भीती जास्त असते: मजकूर नकळत बदलण्याची. म्हणून त्यांच्या निर्मात्यांनी ५१२ बाइटांच्या मजकुराला स्वतःचे ८ बाइट जोडले. त्यांत पडताळणीचे आकडे असतात. याच विचाराचे जे प्रमाणित रूप आहे, त्यात या आठांची वाटणी अशी: २ बाइट मजकुराच्या पडताळणीसाठी, २ वापरणाऱ्या यंत्राच्या खुणेसाठी आणि ४ हा सेक्टर कोणत्या जागेचा हे सांगण्यासाठी. पोस्टाच्या रजिस्टर पाकिटाला पूर्वी पोच जोडत असत, तसाच हा प्रकार. त्या मोठ्या यंत्रांना ही पोच हवीच असते. लिनक्सला मात्र ५१२, १०२४, २०४८ किंवा ४०९६ ही मापे ओळखीची. ४०९६ ला ५१२ ने भागले तर बरोबर ८ येतात. ५२० ने भागले तर उत्तर तुटक येते. म्हणून माप जुळत नाही असे दिसताच ते डिस्कचा आकार शून्य धरून बाजूला होते. डिस्क चांगली होती. लिनक्सही चांगले होते. बाबांनी सांगितले तेच: इंचाला एक आटा जास्त.

फॉरमॅट या शब्दानेही माझा घोटाळा केला होता. त्याचे अर्थ दोन आहेत. वहीच्या पानांवर रेघा आखणे हा एक अर्थ, आणि आखलेल्या वहीत पहिल्या पानावर अनुक्रमणिका मांडणे हा दुसरा. आपण रोज ज्याला फॉरमॅट म्हणतो ती अनुक्रमणिका. माझ्या वह्यांच्या रेघाच वेगळ्या होत्या, जशा चौरेघी वहीत कोणी एकेरी अक्षर काढायला बसावे. अनुक्रमणिका मांडण्याआधी त्या रेघा पुन्हा आखायला हव्या होत्या.

त्यासाठी डग्लस गिल्बर्ट यांनी लिहिलेला एसजी३-युटिल्स नावाचा आज्ञासंच आहे. त्यातली एसजी_रीडकॅप ही आज्ञा म्हणजे बाबांचे गेज. ती डिस्कला काही करत नाही, नुसते तिचे माप विचारते. विचारले; उत्तर आले ५२०. मग एसजी_फॉरमॅट ही आज्ञा, तिला माप ५१२ सांगायचे. ही आज्ञा सभ्य आहे. ती लगेच कामाला लागत नाही. १५ सेकंदांत सुरुवात करीन, या डिस्कवरचे सगळे नष्ट होईल, थांबायचे असेल तर थांबवा, असे बजावते; मग १० सेकंदांनी, मग ५ सेकंदांनी पुन्हा. या वेळी मी त्या पंधरा सेकंदांत पडद्यावरचा अनुक्रमांक आणि डिस्कच्या पाठीवरचा अनुक्रमांक एकेक अंक बोलत ताडून पाहिला. मित्राने पाहिला. बाबांनीही चष्मा लावून पाहिला. आजोबांच्या डिस्कची वायर तर आधीच काढून ठेवली होती.

पहिली डिस्क विनातक्रार पार पडली. दुसरी अर्ध्यावर असताना वीज गेली! श्रावणातला पाऊस, त्याला काय सांगणार? वीज आल्यावर ती डिस्क ‘मीडियम फॉरमॅट करप्टेड’ म्हणू लागली. चार दिवसांपूर्वीचा मी असतो तर तिला मेली म्हणून बाजूला टाकली असती. या वेळी ओळ वाचली. तिचा अर्थ एवढाच होता, की रेघा आखणे अर्धवट राहिले आहे. शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला, पुन्हा पहिल्यापासून आखायला लावले, आणि तीही शहाण्यासारखी उभी राहिली. दोघींपुढे आता ९६० जीबी असा आकडा आला. नेहमीचा फॉरमॅट काही सेकंदांत झाला.

मग खरे काम. आजोबांच्या डिस्कची वायर पुन्हा जोडली, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या आज्ञेने तिची जशीच्या तशी प्रत एका नव्या डिस्कवर उतरवून घेतली. ही आज्ञा खराब जागा आधी ओलांडून जाते, चांगले तेवढे पदरात पाडून घेते आणि मग अवघड जागांकडे परत वळते. परीक्षेत प्रश्नपत्रिका सोडवावी तशी. त्यानंतर मूळ डिस्क बंद करून कपाटात ठेवली. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. त्या प्रतीतून फाइली शोधण्यासाठी ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची फोटोरेक ही आज्ञावली लावली. ती अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. ध्वनीच्या फाइलीची सुरुवात कशी असते, फोटोची कशी असते, हे तिला ठाऊक असते. त्या खुणा हुडकत ती डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर ठेवते. म्हणून मला दोन्ही डिस्क लागल्या.

६२ पैकी ५९ बाजू सापडल्या. तीन गेल्या.

सापडलेल्यांनाही नावे नव्हती. नावे अनुक्रमणिकेत असतात आणि अनुक्रमणिका मी पुसली होती. आतेभावाने प्रत्येक फाइलीला किती आवडीने नाव दिले होते: कुठली एकादशी, कुठले साल, कोण गायले. आता प्रत्येक फाइलीच्या नावात एक लांबलचक आकडा होता. ती डिस्कवर कितव्या सेक्टरपाशी सापडली, तो आकडा. म्हणजे आजोबांच्या आवाजाची ओळख आता एवढीच उरली, की तो अमुक नंबरच्या ५१२ बाइटांच्या कप्प्यापासून सुरू होतो.

मग आम्ही ऐकायला बसलो. बाबा रोज रात्री जेवणानंतर येत. एक वही केली: आकडा, कोण गाते, काय गाते, कधीचे असेल. पहिल्या रात्री बाबांनी आजोबांचा आवाज पाच वर्षांनी ऐकला. ते मला काही बोलले नाहीत, नुसते वहीत लिहीत राहिले. मंडळातले पखवाज वाजवणारे आजोबा आता ८० च्या पुढचे आहेत. त्यांना रविवारी रिक्षाने आणले. ते थापेवरून सांगत: हा हात माझा नाही, म्हणजे मी त्या वर्षी आजारी होतो, म्हणजे ही आषाढी नव्हे, कार्तिकी.

एक अडचण आम्हांला मुळीच अपेक्षित नव्हती. ५९ पैकी ११ बाजूंवर कन्नड पदे निघाली. मंडळ मराठी, तुकोबांचे आणि ज्ञानोबांचे अभंग गाणारे. पण आजोबा तितक्याच तन्मयतेने पुरंदरदासांची पदेही गात होते. आतेभावाने त्या फाइलींना ‘कन्नड १’, ‘कन्नड २’ अशी नावे दिली होती, एवढे त्याला आठवत होते. बाबांना पदे तोंडपाठ होती, पण कोणाची ते ठाऊक नव्हते. शेवटी माझ्या मित्राने त्या बाजू कन्नड विभागातल्या सरांना ऐकवल्या. सर तासभर बसले आणि एकेक पद ओळखून कर्त्याचे नाव सांगत गेले. कुठे पुरंदरदास, कुठे कनकदास. म्हणजे माझ्या चुकीआधी जी पदे आमच्या घरी निनावी होती, त्यांना नावे मिळाली ती या चुकीनंतर. हे माझ्या चुकीचे समर्थन नव्हे. गेलेल्या तीन बाजू याने परत येत नाहीत.

विक्रेत्याला मी फोन केला. काय झाले ते सांगितले आणि रात्रीच्या बोलण्याची माफी मागितली. तो म्हणाला, “माप मीच आधी सांगायला पाहिजे होतं, दादा. आता पावतीवर लिहून देत जातो.” त्याची चूक तेवढीच होती, आणि तीही माझ्या शिव्यांनी नव्हे, माफीने कळली.

आता त्या दोन डिस्क जिन्याखाली जोडीने काम करतात. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. पण अशी जोडी म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. मी चुकीची आज्ञा दिली तर ती दोघींवर एकदमच उमटेल. म्हणून तिसरी प्रत धारवाडला आत्याच्या घरी ठेवली आहे. यंत्राच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि ती कुठे बसवली आहे ते लिहिले आहे. खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ आहे: आधी गेज, मग पाना.

आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आधी आणि ‘निष्कर्ष’ नंतर लिहितो. तीन वर्षे मी ते गुणांसाठी लिहिले. जिन्याखाली बसून मी क्रम उलटा केला: निष्कर्ष आधी काढला, तो विक्रेत्याला फोनवर ऐकवला, आणि निरीक्षण करायला चौथ्या दिवशी बसलो. मी दोष शोधतच नव्हतो, दोषी शोधत होतो. दोषी पटकन सापडतो, तो नेहमी दुसराच कोणीतरी असतो. दोष सापडायला मात्र समोर लिहिलेली ओळ वाचावी लागते.

ती वही आता आजोबांच्या पेटीवर ठेवलेली असते. ६२ ओळी आखल्या आहेत. पखवाजवाले आजोबा अजून अधूनमधून येतात आणि गेलेल्या तीन बाजूंवर काय असेल ते आठवून पाहतात. एका बाजूचे दोन अभंग त्यांना आठवले आहेत. ते त्यांनी स्वतः म्हणून दाखवले आणि मी ते टेप करून घेतले. पण त्या ओळींत मी ती नावे लिहिलेली नाहीत. तीन ओळी कोऱ्याच ठेवल्या आहेत.

— बी. एस्सी., तृतीय वर्ष